गणिताच्या पानात समीकरणाच्या वर-खाली जागा सारखी का दिसत नाही?

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. त्या घरूनच डीटीपी करतात. सध्या एका क्लाससाठी दहावीच्या बीजगणिताचं गाइड इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतायत. मजकूर युनिकोड देवनागरीत, १२ पॉइंट, लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर, १६. समीकरणं मॅथटाइप या समीकरणांच्या प्रोग्रॅममध्ये करून ईपीएस चित्रं म्हणून मजकुरात अँकर केलेली, म्हणजे अक्षरासारखी ओवलेली. समीकरणाच्या स्टाइलला स्पेस बिफोर (वरची जागा) ६ आणि स्पेस आफ्टर (खालची जागा) ६ दिलंय, तरी एखादं समीकरण वरच्या ओळीला चिकटतं, एखादं खालच्या. परिच्छेदाच्या मध्येच अपूर्णांक आला तर तेवढीच ओळ फुगते. क्लासचे सर प्रूफ बघून म्हणाले, "पान उड्या मारतंय." मग आता दीडशे पानांतलं एकेक समीकरण हाताने सरकवायचं का?

नाही ताई, हात लावू नका. हाताने सरकवलेलं समीकरण पुढच्या करेक्शनला पुन्हा जागा सोडतं, आणि गणिताच्या पुस्तकाला तीन करेक्शनं तर ठरलेलीच असतात. नौपाड्यात बसून मी पेजमेकर-श्रीलिपीच्या काळापासून हे काम करतोय आणि पहिली दोन-तीन पुस्तकं अशीच माउसने ढकलत लावली आहेत. त्यामुळे सांगतो ते अंगावर शेकून शिकलेलं आहे.

तुमचे ६-६ हे त्या जागेचे एकटे मालक नाहीत. समीकरणाभोवती दिसणाऱ्या पांढऱ्या जागेत लीडिंगचा वाटा असतो, समीकरणाच्या चौकटीचा असतो, पुढच्या ओळीच्या लीडिंगचा असतो, बेसलाइन ग्रिड (ओळी बसवायच्या ठरावीक अंतरावरच्या रेघा) चालू असेल तर तिचा असतो, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या स्पेस बिफोर-आफ्टरचा. कोण किती देतंय ते कळल्याशिवाय आकडे बदलत बसलात तर एक पान सुधारेल आणि पुढचं बिघडेल.

सगळ्यात मोठा वाटा लीडिंगचा. इनडिझाइन लीडिंग मोजतं ते खालून वर, म्हणजे या ओळीच्या बेसलाइनपासून (अक्षरांचा तळ टेकतो ती रेघ) वरच्या ओळीच्या बेसलाइनपर्यंत. अँकर केलेलं समीकरण त्याच्या लेखी एक भलंमोठं अक्षर असतं. त्या अक्षराचा तळ बेसलाइनवर टेकतो आणि सगळी उंची वर जाते. लीडिंग ऑटो असेल तर या उंचीच्या १२० टक्के जागा धरली जाते, आणि वरचे २० टक्के सगळे समीकरणाच्या डोक्यावर जातात. २० पॉइंट उंचीच्या साध्या समीकरणावर ४ पॉइंट, ३५ पॉइंटच्या निश्चयकावर ७, आणि तीन पायऱ्या एकत्र केलेल्या ६० पॉइंटच्या ठोकळ्यावर १२. तुमचे ६ त्यात मिळवा. वरची जागा कुठे १०, कुठे १३, कुठे १८. खालची मात्र सगळीकडे तीच. म्हणून छोटं समीकरण वर चिकटलेलं दिसतं आणि मोठं खाली घसरलेलं.

उपाय एका मिनिटाचा आहे. समीकरणाची पॅराग्राफ स्टाइल उघडा. त्यात लीडिंग ऑटोच राहू द्या, पण जस्टिफिकेशनच्या पानावर जा. तिथे ऑटो लीडिंगसमोर १२० टक्के लिहिलेलं असतं, ते १०० करा. आता समीकरण जेवढं उंच, तेवढीच जागा घेईल. एक थेंब जास्त नाही. मजकुराच्या स्टाइलला मात्र ऑटो लीडिंग कधीच देऊ नका, तिथे ठरावीक १६ च पाहिजे.

हे झालं की पुढचा घोळ दिसायला लागेल, आणि तो देवनागरीचा आहे. इंग्रजी पुस्तकांतले आकडे उचलून चालत नाही ते इथेच.

वर ६ आणि खाली ६ दिलेत तर प्रत्यक्षात काय होतं ते पट्टी घेऊन मोजू. वरच्या ओळीतल्या अक्षरांचा तळ बेसलाइनवर. तिथून समीकरणाच्या माथ्यापर्यंत ६ पॉइंट. आता खाली. समीकरणाचा तळ त्याच्या बेसलाइनवर. पुढच्या ओळीची बेसलाइन तिथून ६ अधिक १६, म्हणजे २२ पॉइंट खाली. १२ पॉइंटच्या देवनागरीत शिरोरेषा बेसलाइनच्या साधारण ८ पॉइंट वर असते. फाँटगणिक फरक पडतो, तुमच्या फाँटची मोजून घ्या. म्हणजे समीकरणाच्या तळापासून शिरोरेषेपर्यंत १४ पॉइंट. वर ६, खाली १४! आकडे सारखे, जागा दुपटीहून जास्त.

मग वर १४ करायचे का? तेही नाही. देवनागरीत ओळीच्या वरच्या अंगाला गर्दी असते: शिरोरेषेची सलग काळी रेघ, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. हे सगळं सुमारे ११ पॉइंटपर्यंत जातं. खालच्या अंगाला अधूनमधून एखादा उकार, बाकी मोकळं. रोमन मजकुरात ओळीचा माथा उंच-सखल असतो, त्यामुळे वरून येणारी पांढरी जागा अक्षरांत झिरपते. आपल्याकडे शिरोरेषा तिला दारातच अडवते. त्यामुळे समीकरणाच्या खाली वरच्यापेक्षा थोडी जास्त जागा दिली तरच डोळ्याला दोन्ही सारख्या वाटतात. १२ वर १६ च्या मजकुराला मी स्पेस बिफोर ९ आणि स्पेस आफ्टर ३ देतो. मोजून बघा. वर अक्षराच्या तळापासून ९. खाली शिरोरेषेपर्यंत ११, आणि वेलांटीच्या टोकापर्यंत ८. आकड्यांत ९ आणि ३ म्हणजे वेडेपणा वाटतो. पान छापून हातभर अंतरावर धरा, समीकरण बरोबर मध्ये बसलेलं दिसेल.

हे पडद्यावर ठरवू नका. झूम केलेल्या पानावर जागेचा अंदाज कोणालाच येत नाही. शंभर टक्के आकारात प्रिंट काढा आणि पान उलटं धरून बघा. अक्षरं वाचता येत नाहीत तेव्हाच पांढरे पट्टे दिसतात. मला हे एका जुन्या जुळाऱ्याने शिकवलं. खिळे जुळवून हयात गेलेला माणूस, ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचा. लीडिंग हा शब्दही त्या शिशावरूनच आलाय.

आता पायऱ्या. गाइडमध्ये एकच समीकरण क्वचित असतं. "म्हणून" ची तीन ठिपक्यांची खूण लावून पाच-सहा पायऱ्या एकाखाली एक येतात. इनडिझाइन वरच्या परिच्छेदाची स्पेस आफ्टर आणि खालच्याची स्पेस बिफोर यांची बेरीज करतं, त्यातली मोठी ठेवून लहान सोडत नाही. म्हणजे दोन पायऱ्यांमध्ये ३ अधिक ९, १२ पॉइंट. सहा पायऱ्यांचं उदाहरण विस्कटून जातं. २०१९ च्या आवृत्तीपासून पॅराग्राफ स्टाइलमध्ये एकाच स्टाइलच्या लागोपाठच्या परिच्छेदांमधलं अंतर वेगळं द्यायची सोय आहे. तिथे ५ भरा, काम संपलं. आवृत्ती जुनी असेल तर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन स्टाइली कराव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

समीकरणं मध्यावर घेत असाल तर अजून एक गंमत आहे. वरची ओळ पूर्ण भरलेली असेल तर ९ पॉइंट बरोबर दिसतात. पण वरच्या ओळीत "किंमत ठेवून," एवढेच दोन शब्द असतील आणि समीकरण त्यांच्या उजवीकडे, पानाच्या मध्यावर असेल, तर समीकरणाच्या डोक्यावर आख्खी रिकामी ओळ आणि वर ९ पॉइंट. मोठं भोक. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या प्रुफांना वैतागून टेक (TeX) हे गणिताचं पान लावायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, त्यात ही गोष्ट त्यांनी आधीच धरून ठेवली आहे. वरची ओळ समीकरणाच्या आधीच संपत असेल तर टेक आपणहून तोकडी जागा घेतं. टेकवरच उभ्या असलेल्या लाटेकच्या १० पॉइंटच्या नेहमीच्या मांडणीत एरवी वर १० पॉइंट असतात, तोकड्या ओळीखाली शून्य. इनडिझाइनला हे कळत नाही. तिथे "समीकरण-तोकडं" अशी दुसरी स्टाइल पहिलीवर आधारून करायची, स्पेस बिफोर ३ द्यायची, आणि शेवटच्या प्रुफात नजरेने लावायची. करेक्शनमध्ये एक शब्द वाढला तर परत तपासायची. मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकात समीकरणं मध्यावर घेऊच नका. डावीकडून ठरावीक इंडेंट द्या. मुलांना पायऱ्या एका रेघेत दिसतात आणि ही भानगडच उरत नाही.

परिच्छेदाच्या पोटातला अपूर्णांक हा सगळ्यात अवघड भाग, आणि सरांना उड्या दिसल्या त्या बहुतेक इथेच. १० पॉइंट अंकांचा उभा अपूर्णांक साधारण २४ पॉइंट उंच होतो. तो १६ च्या ओळीत बसणार कसा? लीडिंग ऑटो असेल तर ओळ फुगते. ठरावीक असेल तर ओळ हलत नाही, पण अंश वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. तुमच्याकडे फुगतेय याचा अर्थ अँकरच्या अक्षरावर ऑटो लीडिंग शिल्लक आहे. इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराचं असतं आणि ओळीतल्या सर्वांत मोठ्या लीडिंगचा हुकूम चालतो. वर्डमधून आलेला १८ पॉइंटचा एखादा स्वल्पविराम ऑटो लीडिंगवर असेल तर १६ च्या परिच्छेदात तेवढी एक ओळ २१.६ ची होते आणि आपण अपूर्णांकाला दोष देत बसतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर लीडिंग पूर्ण परिच्छेदाला लावण्याचा पर्याय आहे, तो मजकूर आणण्याआधीच चालू करून ठेवा.

मग अपूर्णांक बसवायचा कसा? मी तीन वाटा वापरतो. पहिली, तिरकी रेघ: अ/ब. दहावीच्या मुलांना चालते, पण अंशात दोन पदं आली की कंस घालावे लागतात आणि मुलं चुकतात. दुसरी, अपूर्णांक लहान करणं. अंक ८.५ पॉइंटचे केले तर उंची २० वर येते. मात्र हे मॅथटाइपच्या डिफाइन साइझेसमध्ये करायचं. इनडिझाइनमध्ये कोपरा धरून ओढाल तर रेघेची जाडीही घटते आणि छपाईत ती तुटक उमटते. अंश-छेद आणि रेघ यांच्यातलं अंतरही मॅथटाइपमध्ये डिफाइन स्पेसिंगखाली कमी करता येतं. तिसरी वाट, मजकुराचंच लीडिंग वाढवणं. ८.५ चा अपूर्णांक १९ च्या लीडिंगमध्ये कोणाला न धडकता बसतो. पण हिशेब आधी करा. पानावर मजकुराची उंची ६०८ पॉइंट असेल तर १६ ने ३८ ओळी बसतात, १९ ने ३२. दीडशे पानांची पावणेदोनशेच्या वर जातात, म्हणजे सोळा पानी फर्मे दीड-दोन वाढतात. हा निर्णय तुमचा नाही, सरांचा आहे, कागदाचे पैसे ते देणार आहेत. त्यांना दोन्ही पद्धतींची दोन-दोन पानं काढून दाखवा. मी अशा वेळी प्रकरणानुसार ठरवतो. वर्गसमीकरणांना १९, अंकगणिती श्रेढीला १६. प्रकरण बदलताना लीडिंग बदललेलं वाचणाऱ्याला खटकत नाही. परिच्छेदाच्या मध्ये बदललेलं लगेच खटकतं.

अपूर्णांकाची रेघ कुठे यावी? मॅथटाइप ईपीएसमध्ये स्वतःची बेसलाइन नोंदवतं, पण इनडिझाइन आपणहून ती वाचत नाही, तळ बेसलाइनवर टेकवून मोकळं होतं. म्हणून अँकर निवडून त्याला उणे बेसलाइन शिफ्ट द्यावी लागते. ओळीत बरोबरची किंवा अधिकची खूण असेल तर रेघ त्या खुणेच्या मध्याशी जुळलीच पाहिजे. नुसत्या मराठी शब्दांमध्ये एकटा अपूर्णांक असेल तर तो मी अर्धा-एक पॉइंट वर घेतो, कारण आपल्या अक्षराचा मध्य शिरोरेषा आणि तळ यांच्यात असतो आणि तो रोमन गणिताच्या मध्यापेक्षा जरा वर पडतो. प्रत्येक ठिकाणी आकडा टाइप करू नका. साधा अपूर्णांक, वर्गमूळ असलेला, दोन मजली, असे चार-पाच नमुने निघतात. प्रत्येकाची कॅरेक्टर स्टाइल करा, त्यात शिफ्ट भरून ठेवा. वेगळ्या ओळीतल्या समीकरणाला मात्र शिफ्ट द्यायचीच नाही, नाहीतर वरचा ९ आणि ३ चा सगळा हिशेब पाण्यात. त्याच ओळीत उजवीकडे समीकरण क्रमांक असेल तर समीकरण खाली ओढण्याऐवजी क्रमांक वर उचला.

बेसलाइन ग्रिड चालू आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे वाचा. ग्रिड १६ ची, समीकरण २१ पॉइंट उंच. २१ अधिक ९ अधिक ३, अधिक पुढच्या ओळीचे १६, बेरीज ४९. ग्रिडची रेघ ४८ वर होती, ती एका पॉइंटने हुकली. पुढचा परिच्छेद सरळ ६४ वर जाऊन बसतो. एक पॉइंट जास्त झाला म्हणून समीकरणाखाली १५ पॉइंटचं भोक! स्पेस बिफोर ९ ची ८ केलीत की सगळं जागेवर. समीकरण २९ उंच असेल तर बेरीज ५७, सात पॉइंट कमी. ते ३ वर आणि ४ खाली वाटून द्यायचे. पण शंभर वेगवेगळ्या उंचींची समीकरणं असतील तर हे वाटप करत कोण बसणार? गणिताच्या पुस्तकात मी मजकूर ग्रिडला बांधत नाही. फक्त धड्याचं शीर्षक आणि पानाची पहिली ओळ जुळवतो. कादंबरीत ग्रिड शोभते, कारण कागदाच्या मागच्या ओळी पुढच्या ओळींवर येतात. गणितात तशाही त्या येणार नसतात.

बाकी किरकोळ चोर. समीकरणाच्या फ्रेमवर टेक्स्ट रॅप राहिलेला असतो, त्याने पुढच्या ओळी ढकलल्या जातात. फ्रेम चित्रापेक्षा मोठी असते, तिला फिट फ्रेम टू कंटेंट द्या. पानाच्या अगदी माथ्यावर आलेल्या समीकरणाला स्पेस बिफोर लागू होत नाही, ते बरोबरच आहे, तिथे एंटर मारून जागा करू नका. आणि वरचं वाक्य आधीच्या पानावर नि समीकरण पुढच्या पानावर असं होऊ नये म्हणून समीकरणाच्या स्टाइलला कीप विथ प्रीव्हियस लावा.

साधी समीकरणं मॅथटाइपमध्ये न करता थेट टाइप करत असाल, आणि ते करावंच, कारण क्ष + य = ७ एवढ्यासाठी कशाला ईपीएस, तर आतल्या जागेकडे बघा. साधी स्पेस घालू नका. जस्टिफाय केलेल्या ओळीत ती ताणली जाते आणि "क्ष   +   य" असं फाकलेलं दिसतं. टेकमध्ये एमचे (साधारण अक्षराच्या पॉइंट आकाराएवढी रुंदी) अठरा भाग धरून अधिक-उणेच्या दोन्ही बाजूंना चार भाग आणि बरोबरच्या खुणेला पाच भाग जागा देतात. इनडिझाइनमध्ये त्याच्या जवळ जाणारं म्हणजे अधिक-उणेला सिक्स्थ स्पेस आणि बरोबरला क्वार्टर स्पेस. १२ पॉइंटला त्या २ आणि ३ पॉइंट होतात आणि ताणल्या जात नाहीत. ऋण संख्येच्या उणेला मात्र जागा नाही: −५ सलग. आणि ती उणेचीच खूण पाहिजे, हायफन नव्हे. हायफन आखूड असतो आणि उंचीलाही बसत नाही. क्लासकडून आलेल्या मॅटरमध्ये सगळीकडे हायफनच असतो, पण फाइंड-चेंजमध्ये आंधळेपणाने बदलू नका. "गुण-दोष" चं "गुण उणे दोष" झालेलं मी छापील पानावर पाहिलंय.

घातांकाचंही तसंच. इनडिझाइनचा सुपरस्क्रिप्ट मुळात ५८.३ टक्के आकाराचा आणि ३३.३ टक्के उंचीवर असतो. रोमन अक्षराला ठीक, पण क्ष च्या डोक्यावर तो शिरोरेषेला अडकतो. मी उंची ४५ टक्क्यांच्या आसपास नेतो आणि आकार ६५ करतो.

लाटेकवाल्यांसाठी थोडक्यात, कारण वाशी-नेरूळकडच्या कॉलेजांतून तेही विचारत असतात. प्रीअँबलमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या भागात) अबव्हडिस्प्लेस्किप, म्हणजे समीकरणावरची जागा, बदलला तरी काही होत नाही, ही नेहमीची तक्रार. नॉर्मलसाइझ ही आज्ञा ते आकडे परत भरते, म्हणून बदल दस्तऐवज सुरू झाल्यावर लागेल असा लिहा. समीकरणाच्या आधी कोडमध्ये रिकामी ओळ ठेवू नका. तिने परिच्छेद संपतो आणि वर आख्खी मोकळी ओळ पडते. दहांतल्या आठ जणांची जास्तीची जागा तिथूनच आलेली असते. आणि इक्यूएनअॅरे वापरत असाल तर सोडा, बरोबरच्या खुणेभोवती तो नको तेवढी जागा सोडतो. अलाइन वापरा.

वर्डमध्ये लाइन स्पेसिंग एग्झॅक्टली असेल तर अपूर्णांकाचं डोकं कापलं जातं, ॲट लीस्ट ठेवा. सरांच्या जुन्या फाइलीत इक्वेशन एडिटर ३.० ची समीकरणं असतील तर ती नव्या वर्डमध्ये दिसतात, पण उघडून बदलता येत नाहीत, जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. मॅथटाइपमध्ये मात्र ती सहसा उघडतात. इनडिझाइनच्या २०२५ च्या आवृत्तीपासून मॅथएमएल या सूत्रांच्या कोडवरून सूत्र घालता येतं, पण पानावर तेही एक चित्र म्हणूनच बसतं, म्हणजे वरचे सगळे हिशेब त्यालाही लागू.

आता दीडशे पानांना हे एकदम लावायचं कसं? फाइंड-चेंजमध्ये ग्रेप, म्हणजे नमुन्यावरून शोध, घ्या. परिच्छेदाची सुरुवात, अँकरची खूण, परिच्छेदाचा शेवट, हे तिन्ही त्याच क्रमाने @ च्या मेनूतून निवडा. ज्या परिच्छेदात समीकरणाशिवाय काहीच नाही तेवढेच सापडतात. खाली चेंज फॉरमॅटमध्ये समीकरणाची स्टाइल द्या आणि चेंज ऑल. समीकरणामागे राहिलेली स्पेस असेल तर ते परिच्छेद निसटतात, म्हणून आधी परिच्छेदाच्या शेवटच्या रिकाम्या स्पेस काढा. चित्रंही अशीच अँकर केलेली असतील तर तीही यात सापडतील, त्यांची स्टाइल आधीच वेगळी करून शोधातून वगळा.

हे फाइलची कॉपी करून करा, आणि शेवटच्या रात्री करू नका. माझी गोष्ट सांगतो. नववीचं एक गाइड होतं, सकाळी वागळे इस्टेटला प्लेटसाठी फाइल द्यायची होती. रात्री अकराला मला वाटलं, समीकरणांवर जागा जरा जास्तच आहे. ऑटो लीडिंग १२० चं १०० केलं, पानं छान आवळली, खूश होऊन पीडीएफ काढली. आवळल्यामुळे प्रत्येक प्रकरणात मजकूर वर सरकला होता. उत्तरसूची मात्र मी पानक्रमांक हाताने टाइप करून केलेली. पुस्तक छापून आलं तेव्हा नऊ प्रकरणांपैकी सात प्रकरणांची उत्तरं सूचीतल्या पानावर नव्हती. शुद्धिपत्राची चिठ्ठी स्वखर्चाने छापली आणि दोन दिवस बसून प्रत्येक प्रतीत चिकटवली.

तेव्हा तुम्ही आज फक्त दुसरं प्रकरण घ्या, वर्गसमीकरणांचं, कारण त्यात सगळ्या प्रकारची समीकरणं येतात. १०० टक्के, ९ आणि ३, पायऱ्यांत ५. आठ पानं खऱ्या आकारात छापून सरांकडे पाठवा. अपूर्णांकाच्या १६ आणि १९ च्या दोन-दोन पानांवर पेन्सिलीने पानांची संख्या लिहा, म्हणजे त्यांना लगेच कळेल. तुमच्या फाँटची शिरोरेषा ८ पॉइंटवर नसेल तर फक्त खालचा ३ बदलेल. ती ९ वर असेल तर ४ करा, ७ वर असेल तर २.